बालवाडीचा पहिला महिना: गेटवर मूल रडतं तेव्हा काय करायचं, आणि त्याआधी काय करून ठेवायचं

जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या की सांगलीत गावभागापासून विश्रामबागपर्यंत कुठल्याही बालवाडीच्या गेटवर उभं राहा, एक गोष्ट हमखास दिसेल. आई मुलाला आत आणते, खेळण्यांच्या टोपलीजवळ बसवते. मूल एखादी गाडी हातात घेतं, मान खाली घालतं. आई ताईंना डोळ्यांनी खुणावते आणि भिंतीच्या आडून पाय न वाजवता निघून जाते.

मी १६ वर्षं या गेटच्या आतल्या बाजूला उभी आहे. त्यानंतर काय होतं ते मला रोज बघावं लागतं. मूल मान वर करतं, आई नसते. त्याला त्या क्षणी एवढंच कळतं की मी खेळायला लागलो की आई नाहीशी होते. दुसऱ्या दिवशी ते टोपलीकडे बघतसुद्धा नाही, आईच्या ओढणीला दोन्ही हातांनी धरून बसतं. घरी आई न्हाणीघरात गेली तरी दाराबाहेर रडतं. मग घरचे म्हणतात, आमचं पोरगं फारच हळवं आहे. हळवं नसतं ते. आई न सांगता जाऊ शकते हे त्याला नुकतंच कळलेलं असतं, म्हणून ते पहारा देत असतं.

दर वर्षी तेच बघते, म्हणून हे क्रमानं लिहून काढलं. अडीच ते चार वर्षांच्या मुलांना हे लागू पडतं. अंगणवाडी असो की खासगी बालवाडी, पद्धतीत फरक नाही. काम चार आठवडे आधी सुरू होतं. शाळा परवावर आली असेल तर निदान टप्पा ३ आणि टप्पा ६ नीट वाचा.

वयाबद्दल एक सांगते. पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पहिलीआधीची तीन वर्षं धरलेली आहेत. म्हणजे तीन पूर्ण झाल्यावर पाठवलं तरी काहीही बुडत नाही. शेजारच्यांचं जायला लागलं म्हणून अडीच वर्षांच्या मुलाची घाई करू नका.

टप्पा १. चार आठवडे आधी: उठण्याची वेळ

गेटवरचं निम्मं रडणं अर्धवट झोपेचं असतं. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाला १० ते १३ तास झोप लागते. मे महिन्यात आपल्या घरात काय होतं? पाहुणे असतात, आंबे असतात, रात्री गच्चीवर गप्पा चालतात. मूल अकराला झोपतं, नऊला उठतं. आणि शाळेच्या पहिल्या दिवशी त्याला आपण सातला उठवतो.

हिशेब सोपा आहे. दोन तास मागं यायचं तर पंधरा मिनिटांच्या आठ पायऱ्या. एका पायरीला तीन दिवस दिले तर २४ दिवस लागतात. म्हणून चार आठवडे.

क्रम मात्र उलटा करू नका. बहुतेक जण आधी रात्री लवकर झोपवायला बघतात. झोप आलेली नसते, मूल लोळत राहतं, आपण वैतागतो, शेवटी मोबाईल हातात देतो. आधी सकाळी पंधरा मिनिटं लवकर उठवा. खिडकी उघडा, उजेड आत येऊ द्या, अंगणात न्या. रात्रीची झोप दोन-तीन दिवसांत आपोआप मागं सरकते. झोपण्याच्या तासभर आधी टीव्ही आणि मोबाईल बंद, आणि हा नियम घरातल्या सगळ्यांना. बाहेरच्या खोलीत मालिका मोठ्यानं चालू असताना आतल्या खोलीत मूल झोपत नाही.

*तपासा:* शाळेच्या आधीच्या आठवड्यात मूल एक-दोन हाकांत उठतंय ना? उठल्यावर तासाभरात पोट साफ होतंय ना? दोन्हीचं उत्तर हो असेल तर हा टप्पा झाला.

टप्पा २. तीन आठवडे आधी: हाताची चार कामं

डबा उघडणं, बाटली उघडणं, चड्डी खाली-वर करणं, चप्पल घालणं. बस एवढंच. अक्षरं, अंक, इंग्रजी गाणी काहीही येत नसलं तरी चालतं.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा पाच दिवस भरलेला डबा तसाच घरी न्यायचा. आईनं फोन करून विचारलं, हा जेवतच नाही का? मलाही वाटलं, अजून रुळला नाही. सहाव्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसले. त्यानं डबा पोटाशी धरला, दोन्ही अंगठे झाकणाच्या कडेला लावले आणि ओठ घट्ट मिटून ढकलायला लागला. झाकण हललं नाही. त्यानं डबा मांडीवर ठेवला, वर हात ठेवले आणि दुसऱ्यांच्या डब्यांकडे बघत बसला. रडला नाही, मागितलंही नाही. चारी बाजूंनी घट्ट कड्या असलेला नवाकोरा डबा होता, घरी कुणी तो त्याच्याकडून एकदाही उघडून घेतला नव्हता. दुसऱ्या दिवशी साधा, वर उचलायच्या झाकणाचा डबा आला आणि त्यानं गूळ-तुपाची चपाती पूर्ण संपवली.

म्हणून डबा विकत घेतानाच मुलाच्या हातात द्या, दुकानातच उघडून बघू दे. तीन आठवडे सकाळचा नाश्ता घरीसुद्धा त्याच डब्यातून द्या. चड्डी इलॅस्टिकची घ्या, नाडी किंवा बटण नको. आणि शू-शीला तुमच्या घरात जो शब्द आहे तो ताईंना सांगून ठेवा. मूल मला काहीतरी सांगत असतं आणि तो शब्द मला माहीत नसतो, तोवर चड्डी ओली होते.

टप्पा ३. दोन आठवडे आधी: छोट्या ताटातुटीचा सराव

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हा, आणि नेमका हाच कुणी करत नाही. आयुष्यात पहिल्यांदा आईपासून तीन तास लांब राहायची वेळ शाळेच्या पहिल्या दिवशीच येते, अनोळखी माणसांत आणि अनोळखी जागेत. पोहायला शिकवताना आपण पोराला आधी पायरीवर बसवतो, पाण्यात पाय हलवू देतो. इथं एकदम डोहात सोडतो.

*दिवस १ ते ३.* घरातच. "मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालून येते." आज्जी किंवा बाबा जवळ असू देत. पाच मिनिटांनी या आणि म्हणा, "आले बघ."

*दिवस ४ ते ६.* घराबाहेर. "कोपऱ्यावरून दूध घेऊन येते." पंधरा-वीस मिनिटं. परत आल्यावर पिशवी दाखवा.

*दिवस ७ ते १०.* आता जागा बदला. मूल मावशीकडे किंवा शेजारी, आणि तुम्ही बाहेर. पाऊण तास. आपल्या घरात आईशिवाय राहणं आणि दुसऱ्याच्या घरात राहणं यांत फार फरक आहे, हा दिवस गाळू नका.

*दिवस ११ ते १४.* तीच जागा, दीड-दोन तास, मध्ये एक खाणं.

प्रत्येक वेळी तीनच गोष्टी, त्याच क्रमानं: कुठं जाते ते सांगायचं, काय झाल्यावर येणार ते सांगायचं, आणि तसंच यायचं.

"काय झाल्यावर" याकडे लक्ष द्या. तीन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही, घटना कळतात. "पाच मिनिटांत येते" हे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो आणि कधी दोन मिनिटांत येतो, कधी अर्ध्या तासानं. त्या शब्दांना मुलाच्या लेखी काहीच वजन उरलेलं नसतं. "तुझं केळं खाऊन झालं, आज्जीनं चिमणीची गोष्ट सांगितली, की मी आले" हे त्याला धरून ठेवता येतं.

निघताना मूल रडलं तर? निघा. शांतपणे, सांगितल्याप्रमाणे निघा आणि सांगितल्याप्रमाणे या. ओळखीच्या माणसाजवळही ते वीस मिनिटांच्या वर रडत राहिलं तर उद्या एक पायरी मागं या, दोन दिवस तिथंच थांबा, मग पुढं. पायरी मागं आल्यानं काही बिघडत नाही.

घरात दुसरं कुणी नसेल, नोकरीनिमित्त दोघंच राहत असाल, तर त्याच बालवाडीत जाणाऱ्या दुसऱ्या मुलाच्या आईशी बोला. एक दिवस तिचं मूल तुमच्याकडे, एक दिवस तुमचं तिच्याकडे. पहिल्या दिवशी वर्गात एक ओळखीचा चेहरा मिळतो हा वरचा फायदा.

इशारा: "चॉकलेट घेऊन येते" असं सांगून जाऊ नका. मग वाट चॉकलेटची बघितली जाते, आणि ज्या दिवशी तुम्ही रिकाम्या हातानं याल त्या दिवशी तुमचं येणं पुरेसं वाटत नाही. आई परत आली, हीच त्या मुलासाठी सगळ्यात मोठी गोष्ट राहू द्या.

टप्पा ४. त्याच दोन आठवड्यांत: घरातलं बोलणं

ही वाक्यं आजपासून बंद.

"लई दंगा करतोस, थांब, शाळेतच टाकते तुला." शाळा म्हणजे शिक्षा, असं त्याच्या मनात बसतं.

"बाईंना नाव सांगीन, त्या मारतात." मग मी नुसता हात पुढं केला तरी मूल दचकतं. असं दचकणारं मूल आलं की मला लगेच कळतं.

"तू आता मोठा झालास, मोठी मुलं रडत नाहीत." मोठं होणं म्हणजे आईपासून तुटणं, असा अर्थ ते लावतं आणि मोठं व्हायला नकार देतं. काही मुलं बाटलीनं दूध मागायला लागतात ती यामुळंच.

"शाळेत खूप मज्जा असते!" हेसुद्धा जपून. पहिल्या दिवशी मज्जा येत नाही, वाट बघावी लागते, एकच घसरगुंडी असते आणि पुढं आठ मुलं असतात. जे आहे तेच सांगा: "तिथं ताई आहेत. गाणं होईल, डबा खाल, गोष्ट होईल, मग मी येईन. मध्येच माझी आठवण आली तर ताईंना सांगायचं."

घरातल्या मोठ्यांचं काय? पहिल्या दिवशी आज्जी उंबऱ्यात उभी राहून डोळ्याला पदर लावते, "माझं लेकरू कसं राहील गं एकटं." तिची माया खरी आहे, पण मूल तिचा चेहरा वाचतं आणि ठरवतं की आपण कुठंतरी वाईट ठिकाणी चाललोय. मुलासमोर तिला टोकू नका. आदल्या रात्री, मूल झोपल्यावर, शेजारी बसून सांगा, "आई, उद्या तुम्ही हसून 'ये जाऊन' म्हणा. आणि आल्यावर शाळेतलं सगळं आधी तुम्हालाच सांगू दे." ऐकायचं काम तिच्याकडे आलं की तिचाही जीव रमतो.

सोडायला कोण जाणार हेही आताच ठरवा. जो गेटवर शांत उभा राहू शकतो, तो. पुष्कळदा ते आजोबा असतात, कधी बाबा. आईनंच सोडायला हवं असा काही नियम नाही. पण पहिले दोन आठवडे माणूस एकच ठेवा.

टप्पा ५. शाळेच्या आठवडाभर आधी: जागा आणि ताई

मुलाला घेऊन एकदा बालवाडीत जा. वर्ग बघा, शू कुठं करायची ते बघा, नळ बघा. अर्धा तास पुरे. येताना गेटबाहेरची एक जागा दोघांनी मिळून ठरवा: ते झाड, ती पायरी, तो निळा दरवाजा. "मी तुला न्यायला इथं उभी असेन." ही खूण पुढं फार कामाला येते.

ताईंना तीन प्रश्न विचारा. मूल रडलं तर तुम्ही काय करता? शू-शीला कोण नेतं? पहिले तीन दिवस तासाभरासाठी सोडता येईल का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर "रडून रडून गप बसतात" एवढंच आलं तर आणखी विचारा. जवळ घेतात का, एखादी वस्तू हातात देतात का? विचारायला भिऊ नका, हा तुमचा हक्क आहे.

आणि एका कागदावर ताईंना लिहून द्या: घरातलं लाडकं नाव, शू-शीचे शब्द, कशाची भीती वाटते, कशानं शांत होतं, काय खाल्लं की त्रास होतो. घरी "सोनू" म्हणता आणि मी पटावरचं नाव पुकारत राहते. मूल वळून बघत नाही, कारण ते नाव त्यानं फारसं ऐकलेलंच नसतं.

*तपासा:* ओळखीचा वास असलेली एखादी लहान वस्तू दप्तरात ठेवायला ताईंची परवानगी आहे का? आईचा हातरुमाल सगळ्यात चांगला. न धुतलेला.

टप्पा ६. पहिला दिवस: गेटवरची दीड मिनिटं

सकाळी घरातल्यांनी अर्धा तास आधी उठा. घाईत आपण दंड धरून ओढतो, आवाज चढतो, आणि मूल दाराबाहेर पडायच्या आधीच रडकुंडीला येतं. नाश्ता रोजचाच द्या, उपीट किंवा दूध-चपाती. पहिला दिवस म्हणून गोडधोड भरवू नका, पोट बिघडतं.

पाऊस असणारच. रेनकोट त्या दिवशी पहिल्यांदा अंगावर चढवू नका, आधी दोन-तीनदा घरात घालून खेळू द्या. डोक्यावरून येणाऱ्या प्लॅस्टिकच्या टोपीला कितीतरी मुलं घाबरतात.

वाटेत फक्त क्रम सांगा. गाणं, डबा, गोष्ट, आई. चार बोटांवर मोजून दाखवा. चौथं बोट आईचं.

आता गेट.

१. खाली बसा, तुमचे डोळे त्याच्या डोळ्यांसमोर येऊ द्या. उभं राहून वरून बोललेलं कानात जात नाही.

२. जे दिसतंय ते एका वाक्यात म्हणा. "तुला भीती वाटतीय. नवीन जागा आहे ना." एवढंच. पाठीवर हात.

३. तुमचा दोघांचा निरोप घ्या. तो घरी ठरवून ठेवलेला असावा आणि रोज तोच असावा. कपाळाला कपाळ लावून एक टाळी, किंवा कानात एक शब्द. दहा सेकंदांत होणारा.

४. मूल ताईंच्या हातात तुम्ही द्या. ताईंना ओढून घ्यावं लागेल अशी वेळ आणू नका. तुम्ही दिलंत की मुलाला कळतं, आईनंच मला या माणसाकडे सोपवलंय. ओढून घेतलं की ते हिसकावणं होतं, आणि ते सगळं खापर ताईंवर फुटतं.

५. म्हणा, "मी निघते. गोष्ट झाली की मी त्या झाडाखाली." आणि निघा. रडणं चालू असलं तरी.

या सगळ्याला दीड मिनिट लागतं. त्याहून लांबवलेला निरोप मुलाला जड जातो. आई रेंगाळली की त्याला वाटतं, अजून काहीतरी ठरायचं बाकी आहे, आणखी जोर लावला तर बदलेल.

इथं होणाऱ्या चुका

*"जाऊ का मी?"* असं विचारणं. फार प्रेमळ वाटतं, पण त्याचं खरं उत्तर "नको" आहे आणि ते तुम्ही मानणार नाही. विचारून न मानणं हे न विचारण्यापेक्षा वाईट. "निघते" म्हणा.

*"मी इथंच बाहेर बसलेय."* आणि बसायचं नाही. अकरा वाजता मूल मला हात धरून दारापाशी नेतं, बाहेर बघतं. कुणी नसतं. तिथून पुढं माझंही ते ऐकत नाही, कारण त्या खोट्यात मीही सामील आहे असं त्याला वाटतं.

*खिडकीतून डोकावणं.* शांत होत आलेलं मूल एका नजरेनं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. काळजी वाटत असेल तर वीस मिनिटांनी शाळेत फोन करा. त्या फोनचा मला कधीच त्रास होत नाही.

*गेटवरून परत फिरणं.* ही चूक मी स्वतः केली आहे. माझी मुलगी तीन वर्षांची असताना, दुसऱ्या दिवशी मी तिला सोडून रस्त्यापर्यंत गेले. तिचा आवाज ऐकला, परत फिरले, उचललं आणि घरी नेलं. त्या दिवशी दोघींनाही बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी ती दुप्पट जोरानं रडली, कारण किती रडलं की आई येते ते तिला कळलं होतं. ती हट्टी नव्हती. मीच तिला तो रस्ता दाखवला होता. जे आठवड्यात झालं असतं त्याला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत ती जेवढी रडली त्यातलं निम्मं मला वाचवता आलं असतं.

*"रडू नको, हस बरं, फोटो काढू."* रडणं थांबवणं हे तुमचं काम नाही. लहान मुलानं आईपासून दूर जाताना रडणं हे जिव्हाळा पक्का असल्याचं लक्षण आहे. तुमचं काम सांगितलेल्या वेळी, सांगितलेल्या जागी परत येणं. फोटो दुसऱ्या महिन्यात काढा.

माझ्या वर्गात बहुतेक मुलं दहा-पंधरा मिनिटांत शांत होतात. काही जण मध्ये दोनदा पुन्हा हुंदके देतात, विशेषतः डब्याच्या वेळी, कारण डब्याला घरचा वास असतो. अशा वेळी मी दप्तरातला रुमाल काढून देते आणि चार बोटं पुन्हा मोजते.

जी मुलं अजिबात रडत नाहीत, कोपऱ्यात गप्प बसून दाराकडे बघत राहतात, त्यांच्याकडे मी जास्त लक्ष देते. घरच्यांना वाटतं, छान राहिलं. तुमचं मूल असं असेल तर ताईंना सांगून ठेवा की ते गप्प असलं तरी त्याला जवळ घ्या.

टप्पा ७. घ्यायला जाताना, आणि घरी आल्यावर

पहिला आठवडा पाच मिनिटं आधी पोचा. ठरलेल्या झाडाखालीच उभे राहा, दहा पावलं इकडे नाही. "म्हणाले होते ना, गोष्ट झाली की येते. आले." हे वाक्य रोज.

"रडलास का आज?" हा पहिला प्रश्न नको. "काय शिकवलं?" हाही नको. पहिला अर्धा तास काहीच विचारू नका. पाणी, खाणं, मांडी. मग आपणच सांगायला लागतं, बहुधा आंघोळीच्या वेळी किंवा झोपताना.

घरी आल्यावर मोठा गोंधळ होऊ शकतो. चपातीचा तुकडा आडवा तोडला म्हणून अर्धा तास रडणं, वाटी फेकणं. घरचे घाबरतात, शाळेत काहीतरी झालं असणार म्हणतात. बहुतेक वेळा तसं नसतं. तीन तास त्यानं स्वतःला आवरून धरलेलं असतं, आणि आपल्या माणसाजवळ आल्यावर ते सुटतं. चपाती दुसरी द्या, जवळ बसा, उपदेश नको. याच दिवसांत संध्याकाळचा कुठलाही क्लास लावू नका.

काही दिवस रात्री अंथरूण ओलं होऊ शकतं. चारचौघांत बोलू नका, चादर बदला आणि विषय संपवा. शाळेत शी दाबून धरणारी मुलंही असतात, मग बद्धकोष्ठ होतो, दुखतं म्हणून आणखी दाबतात. सकाळी निघण्याआधी दहा मिनिटं बसवायची सवय, पाणी आणि फळं यांवर लक्ष ठेवा.

इशारा: व्हॅन किंवा रिक्षा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू करू नका. एका वेळी एकच ताटातूट. शाळा रुळली की मग रिक्षाकाकांची ओळख, तीही आधी एकदा तुम्ही सोबत बसून.

टप्पा ८. तिसऱ्या आठवड्यातला दुसरा झटका

दहा दिवस मूल छान जातं, आपण सुटलो म्हणतो, आणि एका सोमवारी पुन्हा गेटवर रडतं. नवलाई संपलेली असते आणि हे रोजच आहे असं कळलेलं असतं. घाबरू नका, शाळाही बदलू नका. टप्पा ६ पुन्हा पहिल्यासारखा, अक्षर न बदलता. तीन-चार दिवसांत मार्गी लागतं.

सर्दी-तापानं चार दिवस घरी राहिलं की हेच होतं, आणि पहिल्या वर्षी सर्दी वारंवार होणारच. आपल्याकडे आणखी एक कारण आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढायला लागतं. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी, हे आकडे इथल्या घराघरांत पाठ आहेत. शाळांना सुट्ट्या लागतात. २०१९ मध्ये आणि २०२१ मध्ये तर कितीतरी घरंच हलली. अशा सुट्टीत मूल दिवसभर मोठ्यांचे काळजीचे चेहरे बघतं, "पाणी किती आलं" एवढंच ऐकतं, आणि आठ-दहा दिवसांनी आपण त्याला पुन्हा गेटवर उभं करतो. ते चिकटणारच.

अशा सुट्टीनंतर थेट शाळेत सोडू नका. आदले दोन दिवस टप्पा ३ मधले पंधरा मिनिटांचे आणि पाऊण तासाचे सराव करा. एकदा शाळेवरून चालत जा, ते झाड दाखवा. "पाणी गेलं. ताई आल्या. झाड तिथंच आहे." घर बदलावं लागलं असेल, सामान हललं असेल, तर ताईंना आवर्जून सांगा. आम्हाला बाहेरून कळत नाही. गणपतीच्या सुट्टीनंतरही हेच करा, फक्त एका दिवसाचा सराव पुरतो.

डॉक्टरांना कधी विचारायचं

चार आठवडे सगळं नीट करूनही रडणं जराही कमी झालं नाही. फक्त शाळेच्या दिवशी सकाळी पोटात दुखतं किंवा उलटी होते. घरी बडबड करणारं मूल महिनाभरानंतरही शाळेत एक शब्द बोलत नाही. खाणं आणि झोप दोन्ही उतरलं. यातलं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ते गरज वाटल्यास समुपदेशकाकडे पाठवतील.

आणि मूल शाळेला नाही, एखाद्या ठराविक माणसाला किंवा ठराविक खोलीला घाबरत असेल, तर चार आठवडे थांबू नका. त्याच दिवशी पाठवणं थांबवा, शांतपणे ऐका, शब्द त्याच्या तोंडात घालू नका. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.

उशीर होणार असेल तर

वर्षभरात एखादा दिवस असा येतोच. विश्रामबागच्या चौकात गाडी अडकते, बँकेत रांग हलत नाही. लगेच शाळेत फोन करा आणि ताईंना शब्द द्या: "तिला सांगा, आई निघाली आहे, आज गोष्ट झाल्यावर आणखी एक गाणं होईल, मग येईल." आम्ही ते एक गाणं खरंच म्हणतो. पोचल्यावर धापा टाकत रस्त्यातल्या गर्दीची कारणं सांगू नका. खाली बसा आणि म्हणा, "गोष्ट झाली की येते म्हणाले होते, आणि आज उशीर झाला. तू वाट बघितलीस." मग तिचा हात धरा, घरी जाताना रोजच्यापेक्षा हळू चाला.